तिचं नाव मी सांगायचं नाही

12 मे

पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांची आज शाळेत सभा होती. हॉलमध्ये कूलर लावला होता, पण त्यात पाणी नव्हतं, त्यामुळे तो आमच्यावर नुसता गरम वारा फेकत होता. माझी मुलगी मनू यंदा पहिलीत जाणार, म्हणून मी वही घेऊन गेले होते. वहीत प्रश्न लिहून नेले होते: पाढे कितीपर्यंत यायला हवेत, स्पेलिंग किती अक्षरी, गुजराती कक्को, म्हणजे मुळाक्षरं, पूर्ण करून घ्यायचा का.

बाईंनी पाढ्यांचं नावही काढलं नाही. टेबलावर पाच-सहा डबे मांडले. क्लिपवाला, फिरकीच्या झाकणाचा, आत रबरी रिंग असलेला, दोन मजली. मग पुढच्या रांगेतल्या एका बाबांना बोलावलं, त्यांच्या बोटांना खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, उघडा. जूनमध्ये मुलांचे हात घामाने असेच असतात. त्या भल्या माणसाने दोन मजली डबा पोटाशी धरला, वाकडा केला, शेवटी दात लावायला निघाला तेव्हा सगळा हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. मधली सुट्टी वीस मिनिटांची, आणि दरवर्षी जूनमध्ये निम्मी सुट्टी त्या झाकणं उघडत फिरतात, म्हणाल्या.

बाकीचं भराभर सांगितलं. बाटली, बॅगेची चेन, बूट स्वतःचे स्वतः. बाथरूमला जाऊन स्वतः धुऊन येणं. स्वतःचं पूर्ण नाव आणि घरचा एक फोन नंबर. आणि मग, "मागतां आवडवुं जोईए."

मागता आलं पाहिजे. गुजरातीत आवडणं म्हणजे येणं, जमणं. "तने गुजराती आवडे छे?" असं कुणी विचारलं की मुंबईहून आलेला पाहुणा हमखास "हो, फार गोड भाषा आहे" म्हणतो, आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. जन्मल्यापासून बडोद्यात आहे, तरी आज तो शब्द कानावर पडला आणि मला दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले.

वहीतला एकही प्रश्न विचारला नाही.

13 मे

रात्री झोप लागली नाही, म्हणून हे आत्ता लिहिते आहे.

मी पहिलीत होते. घरात मराठी, शाळा गुजराती. आमच्या घरचा शब्द "शू". मी बेनजवळ, म्हणजे बाईंजवळ, जाऊन म्हटलं, मला शूला जायचंय. गुजरातीत "शुं" म्हणजे काय. बेनला वाटलं, ही मला काहीतरी विचारते आहे. त्यांनी उलट मलाच विचारलं, शुं? मी म्हटलं, शू. त्या म्हणाल्या, शुं? असं तीनदा झालं. चौथ्यांदा सांगायची वेळच आली नाही. निळा फ्रॉक होता, ओला झाल्यावर पुढून काळा दिसायला लागला, आणि मी सुट्टी होईपर्यंत दोन्ही हात पुढे धरून बसले.

त्या बाईंचा काही दोष नव्हता. माझाही नव्हता. पण आईने मला उजळणी तीसपर्यंत पाठ करून पाठवलं होतं.

19 मे

मनूचं वय. हे एकदाचं लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

गुजरातमध्ये 2023-24 पासून नियम असा की 1 जूनला सहा वर्षं पूर्ण झालेली असली तरच पहिली. मनूचा जन्म 4 जूनचा. तीन दिवसांसाठी मागच्या वर्षी तिला बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसवावं लागलं आणि आता ती सात पूर्ण करून पहिलीत जाणार. मागच्या वर्षी मी जाम चिडले होते. माझ्यासारखे आणखीही होते. काही पालक हायकोर्टात गेले होते, पण 2023 मध्येच कोर्टाने ते अर्ज फेटाळले. शेजारच्या बेनने तर मला हळूच विचारलं होतं, जन्माच्या दाखल्यात काही करता नाही येणार?

सासूबाईंना (मी त्यांना आईच म्हणते) यातली मजा वेगळीच वाटते. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे. खऱ्या त्या मार्गशीर्षातल्या. त्यांच्या काकांनी त्यांना शाळेत नेलं, तारीख कुणालाच आठवेना, हेडमास्तरांनी 1 जून घातली. वर्गातल्या निम्म्या पोरींचा वाढदिवस म्हणे एकाच दिवशी. "आमच्या वेळी सरकार आमच्यासाठी जन्मतारीख हलवायचं, आता तुम्ही सरकारसाठी हलवा म्हणता," असं म्हणून त्यांनी मनूला बोलावलं आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. तेव्हा हीच परीक्षा असायची. डोकं आधी वाढतं, हात नंतर लांबतात. सहा-सातच्या सुमाराला बोटं पलीकडच्या कानाला पोचतात. मनूची बोटं कानाच्या पाळीच्याही खाली गेली.

"झाली पास," आई म्हणाल्या. "हिला कसली बालवाटिका अन् फालवाटिका."

खरं सांगायचं तर ते वर्ष वाया गेलं नाही. मागच्या जूनमध्ये हिला शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. पण हे आईंपुढे कबूल करणार नाही.

24 मे

आज मी पकडले गेले.

खाली दुधाची पिशवी घ्यायला गेलो होतो. नव्याने राहायला आलेल्या काकांनी मनूला विचारलं, बेटा, तारुं नाम शुं? मी सांगितलं. कई स्कूलमां? मी सांगितलं. केटलामां, म्हणजे कितवीत? तेही मीच सांगितलं. मनू माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. गॅलरीतून आई बघत होत्या. वर आल्यावर म्हणाल्या, "तिला जीभ दिली आहे का देवाने, की तुझ्यावरच भागवायचं आहे?"

रागच आला. मग दिवसभर मोजलं. डॉक्टरांकडे, शिवणवालीकडे, माहेरी फोनवर. सात वेळा तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. तिला येत नाही असं नाही. उत्तर यायला तिला जो वेळ लागतो, तेवढा वेळ गप्प राहणं मला जमत नाही. समोरच्याला वाटेल, मुलीला बोलता येत नाही. आईने काही शिकवलं नाही.

तयारीचा एक नवा तक्ता फ्रिजवर लावला आहे. तो माझा आहे. त्यात एकच ओळ: तिचं नाव मी सांगायचं नाही.

27 मे

खंडेराव मार्केट. मनूच्या हातात दहाची नोट दिली आणि सांगितलं, कोथिंबीर तू घ्यायची. घरी पाठ करून घेतलं होतं: गुजरातीत कोथमीर.

भाजीवाल्या मावशी लिंबांवर पाणी शिंपडत होत्या. "शुं जोईए, बेटा?" मनूने माझ्याकडे पाहिलं. मी वांग्यांकडे पाहिलं. काळी, लहान, देठाला काटे असलेली वांगी होती, मी त्यांचे काटे मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागून कुणाची तरी पिशवी पाठीला लागली. मावशींनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला अर्धा किलो टोमॅटो मोजून दिले. मनू नोटेची घडी घालते, उलगडते, घालते. माझ्या घशापर्यंत शब्द आला होता, अगदी जिभेच्या टोकावर.

"कोथिंबीर," मनू म्हणाली. चक्क मराठीत.

आणि मावशींनी जुडी उचलून तिच्या हातात दिली, वर दोन मिरच्या टाकल्या. बडोद्यातल्या भाजीवालीला मराठी कळणार नाही असं मी का धरून चालले होते, देव जाणे. इथे पिढ्यान्पिढ्या मराठी बायका कोथिंबीरच मागत आल्या आहेत. म्हणजे परीक्षा फुकट गेली.

परतताना सेव-उसळ खाल्ली. तिथे मात्र तिने आपणहून "तरी ओछी", म्हणजे तिखट तर्री कमी, म्हटलं. पोटात आग पडेल या धाकाने भाषा लवकर येते.

1 जून

पुस्तकं आली. कव्हरं घालताना मनूच्या बाबाने दप्तराचं वजन करायचं काढलं. 2020 च्या स्कूल बॅग पॉलिसीत दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असं आहे. पहिली-दुसरीला 1.6 ते 2.2 किलो. मनू वीस किलोची, म्हणजे दोन. वजनकाट्यावर आधी तो एकटा उभा राहिला, मग दप्तर घेऊन. 2.9 आलं. लगेच "ही शिक्षणव्यवस्था" वगैरे सुरू. मी बाटली काढून घेतली आणि म्हटलं, आता उभा राहा. दीड किलो.

स्टीलची एक लिटरची बाटली मीच घेतली होती. भर उन्हाळा आहे, पाणी कमी पडायला नको म्हणून. आता अर्ध्या लिटरची नेईल. शाळेत पाण्याचा नळ आहे. आणि विचारता येतं: "बेन, पाणी भरवा जाउं?"

त्याच पॉलिसीत दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंही लिहिलं आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी पहिलीच्या मुलाला आताच ट्यूशन ठरली आहे. मी कुणाला बोलायची नाही. माझ्याही वहीत पाढे होते.

4 जून

वाढदिवस. सात पूर्ण. केक, मग संध्याकाळी कमाटीबाग, छोटी रेल्वे, गर्दी, एक फुगा गेला, रडारड. जाताना काळ्या घोड्याच्या पुतळ्याशी रिक्षा सिग्नलला थांबली. मनूने विचारलं, घोड्यावर कोण?

आई सुरूच झाल्या. बडोद्याचे राजे सयाजीराव महाराज म्हटलं की त्या थांबत नाहीत. नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, 1875 मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा. अभ्यासाला खरी सुरुवात त्यानंतर. त्याच मुलाने पुढे 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड.

"मुलांना नाही?" मनूने विचारलं.

"नाही. आईबापांना."

मनूला हे फार आवडलं. मराठी अर्थाने. घरी येईपर्यंत ती मला निरनिराळ्या गोष्टींसाठी दंड करत होती. फुगा सुटला त्याचा दंड सर्वात मोठा.

मला आपलं वाटत राहिलं, बाराव्या वर्षी नव्या गावात, नव्या नात्यांत, अक्षरांपासून सुरुवात करताना त्या मुलाला काय काय मागता आलं असेल आणि काय मनातच राहिलं असेल.

8 जून

उद्या शाळा. नावं घालून झाली: बाटली, डबा, नॅपकिन, रेनकोट. डबा एकमजली, वर उचलायचं साधं झाकण. काल तेल लावलेल्या बोटांनी उघडून दाखवला तिने, चार सेकंदांत. झोपेची वेळ गेले दहा दिवस रोज थोडी अलीकडे आणत आज साडेनऊवर आणली. हे एक काम मात्र वेळेत सुरू केलं होतं.

रात्री अंथरुणात एकदा म्हणून घेतलं. "बेन, मारे बाथरूम जवुं छे." तिने नीट म्हटलं. मग विचारलं, "आणि बेनने नाही म्हटलं तर?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. म्हटलं, परत म्हणायचं. मोठ्याने. "आणि परत नाही म्हटलं तर?" तर निघून जायचं, मी येऊन बघून घेईन. हे शिस्तीच्या दृष्टीने चूक असेल. असू दे.

9 जून

व्हॅन सात वाजून पाच मिनिटांनी आली. व्हॅनवाल्या काकांनी दार सरकवलं, हातातल्या कागदावरच्या यादीत बघत विचारलं, "नाम शुं, बेटा?"

मी दप्तराचा पट्टा सरळ करायला घेतला. तो सरळच होता.

एक स्कूटर गेली. आतल्या मुलाने नाक ओढलं. गॅलरीत आई उभ्या आहेत हे न बघता मला कळत होतं. मनूने पूर्ण नाव सांगितलं, बाबाचं, आडनावासकट, आणि न विचारता माझा फोन नंबरही. काकांनी नंबर कशाला म्हणून यादीतून डोकं वर काढलं, तोवर ती खिडकीशी जाऊन बसली होती.

दुपारी आली. घामेजलेली, एका वेणीची रिबन गायब. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तू विचारू नको. मी सांगीन." आणि जेवून जी झोपली ती पाच वाजेपर्यंत.

मी डबा घासायला घेतला. तूप-साखरेची पोळी दिली होती गुंडाळून, दोन. दोन्ही गेल्या होत्या. डब्यात अर्धा खाकरा होता, मेथीचा, कडेला एक चावा घेतलेला. आमच्या घरात खाकरा नव्हता. ती उठेपर्यंत तो मी बशीत काढून वर झाकण ठेवलं आहे.