थांबू नका, मी येतेय

"ताई, तुह्यासाठी ठेवाचं का?" बाबा गेल्याचं सांगून धाकट्या भावाने फोनवर एवढंच विचारलं. मे महिन्याचं नागपूर, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर. फ्रीजरची पेटी भाड्याने मिळते, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. पण फ्रँकफर्टहून दोहा, दोह्याहून नागपूर असं करत मी पोचणार तिसऱ्या दिवशी पहाटे. मी म्हटलं, "थांबू नका. आजच करा. मी राख सावडायला येते."

हे बाबांशी आधीच बोलून झालं होतं. मागच्या दिवाळीत त्यांनीच विषय काढला, आईदेखत. "मले पेटीत ठेवाचं नाही," म्हणाले. आईवडिलांना मागे ठेवून परदेशात राहणाऱ्यांनी हे बोलणं टाळू नये. भावाला त्या क्षणी ठरवावं लागलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. अंत्यदर्शन हुकलं म्हणून पुढे बऱ्याच जणांनी हळहळ केली. मला मात्र बाबांच्या मनासारखं झालं याचं समाधान आहे.

दोह्याच्या विमानात शेजारी भंडाऱ्याचा मुलगा होता, कतारमध्ये वेल्डिंगचं काम करणारा. "सुट्टीवर का जी?" त्याने विचारलं. वडील गेल्याचं सांगितलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, त्याची आई कोरोनात गेली, तेव्हा विमानंच बंद होती. त्यानंतर आम्ही दोघं बोललो नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरल्यावर त्याने माझी बॅग पट्ट्यावरून काढून दिली, वाकून नमस्कार केला आणि गेला.

घरी जाऊन आंघोळ करून सरळ गंगाबाई घाट. माझ्या लहानपणी बाया घाटावर जात नसत. यावेळी कोणी अडवलं नाही. उलट आत्यानेच हात धरून पुढे नेलं. राख अजून कोमट होती. भाऊ म्हणाला, "लाकडं नाही घेतली ताई. मोक्षकाष्ठ घेतलं." शेतातला काडीकचरा, कापसाची पऱ्हाटी, तुरीची तुऱ्हाटी दाबून केलेले ठोकळे. नागपूरच्या घाटांवर ते आता मिळतात, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. बाबांची उमर एम्प्रेस मिलच्या सूतखात्यात गेली. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल केव्हाच बंद झाली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. पण कापसाचं बोट बाबांनी कधी सोडलं नाही. बाजारात कुठलंही कापड दिसलं की अंगठा आणि तर्जनीत धरून त्याचा सूत नंबर, म्हणजे धागा किती बारीक ते, सांगायचे. त्यांच्या राखेत पऱ्हाटी होती. मला तिथेच पहिल्यांदा मोकळं रडू आलं.

घरात रोज माणसं बसायला यायची. सुतकात चूल बंद, शेजारच्या काकू डबे आणायच्या. कूलरच्या ताट्यांवर पाणी मारून आई पुन्हा दाराशी बसायची. मिलमधले एक काकाजी तीन दिवस लागोपाठ आले. मिल बंद झाल्यावर बाबांनी थकबाकीसाठी किती जणांचे अर्ज लिहून दिले, कोणाच्या भविष्य निर्वाह निधीसाठी किती चकरा मारल्या, हे मला त्यांच्याकडून कळलं. बाबांनी घरात यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. अंत्ययात्रेच्या गर्दीत हे कोणी कोणाला सांगत नाही. त्यासाठी हे पुढचे दिवसच लागतात, म्हणून रजा मिळत असेल तर तेरवीपर्यंत राहावं.

दहाव्या दिवशी अस्थी घेऊन रामटेकला निघालो. भावाने मुद्दाम गड्डीगोदामवरून गाडी घेतली. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. हे मला दाखवायचं म्हणून बाबा व्हिडिओ कॉलवर किती उत्साहाने बोलले होते! पुढे कामठी, कन्हान नदी, मनसरचं वळण, मग गड दिसू लागतो. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, कोणी फारसं बोललं नाही. अंबाळा तलावाभोवती जुनी देवळं आणि घाट आहेत, विदर्भातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे अस्थी घेऊन येतात. उन्हाळ्यामुळे पाणी खूप खाली गेलं होतं. शेवटच्या पायऱ्या शेवाळलेल्या, म्हणून गुरुजींनी भावाचा दंड धरला आणि भावाने माझा. मडकं आम्ही दोघांनी मिळून पाण्यात सोडलं. परत येताना आईसाठी रामटेकची कपुरी पानं घेतली. बाबा दरवेळी तीच आणायचे.

तेरवी झाल्यावर राहिला कागद. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्याचा कागद आणि घाटाची पावती जपून ठेवा. महानगरपालिकेच्या झोन कार्यालयातून दाखला मिळाला. आईच्या पेन्शनसाठी तो लागणार, म्हणून नावाचं अक्षरन्‌अक्षर आधार कार्डाशी ताडून पाहिलं, जादा प्रती घेतल्या. त्या आईच्या कपाटात ठेवल्या, अर्ज भरून भावाकडे दिला आणि मगच परतीचं तिकीट काढलं. वर्षश्राद्धाला येणार आहे. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, जास्त दिवस काढून ये.