निम्मे-दुपटीचा गुणाकार: शिकवणीतला माझा अनुभव

नाशिकच्या सिडकोत घरीच मी पाचवी-सहावीची शिकवणी घेते. येणारी बरीच मुलं अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्या आईवडिलांची. चुणचुणीत आहेत, पण बाराच्या पुढचे पाढे निघाले की गप्प. सतराचा आणि एकोणिसाचा तर विचारूच नका. पाढे पाठ हवेतच, या मताची मी आजही आहे. पण पाढा येत नाही म्हणून पोराने गुणाकाराला हातच लावू नये, हे काही मला पटेना. म्हणून निम्मे-दुपटीची जुनी रीत शिकवायला घेतली.

समजा ३७ × २४ करायचंय. डावीकडे ३७ लिहायचे, उजवीकडे २४. डावीकडचा आकडा निम्मा करत जायचं, उजवीकडचा दुप्पट. निम्मे करताना साडे आलं तर ते सोडून द्यायचं. सदतिसाचे निम्मे साडेअठरा, आपण लिहायचे अठरा. डावीकडे १ आला की थांबायचं.

३७ – २४
१८ – ४८
९ – ९६
४ – १९२
२ – ३८४
१ – ७६८

आता डावीकडे सम आकडा असलेल्या ओळी खोडायच्या: १८, ४ आणि २ च्या. उजवीकडे उरले २४, ९६ आणि ७६८. बेरीज ८८८. झाला गुणाकार! पाढा लागला तो फक्त दोनाचा.

मुलांना हे लगेच जमलं. खोडायला मिळतंय म्हटल्यावर तर काय, पट्टी घेऊन ओळी मारायला चढाओढ. अडलं ते पुढे. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, खोडलेले आकडे गेले कुठे? अर्धे टाकून दिले तरी उत्तर बरोबर कसं येतं?" प्रश्न अगदी रास्त होता. 'रीतच तशी आहे' असं सांगून वेळ मारून नेता आली असती, पण मग ती रीत आणि जादूचा प्रयोग यात फरक काय राहिला?

फळ्यावर समजावून पाहिलं, कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी चिंचोके काढले. १३ × ५ घेतलं, म्हणजे पाच-पाच चिंचोक्यांचे तेरा ढीग. म्हटलं, दोन-दोन ढीग एकत्र करा. दहाचे सहा ढीग झाले आणि पाचाचा एक ढीग एकटा उरला. तो बाजूला वाटीत टाकला. पुन्हा जोड्या लावल्या, वीसचे तीन ढीग झाले. या वेळी एकटं कुणी उरलं नाही, वाटीत काही गेलं नाही. पुन्हा जोडी: चाळीसचा एक ढीग, आणि वीसचा एक सुटा. वीस वाटीत. शेवटी चाळीसचा ढीगही वाटीत. पाच, वीस आणि चाळीस मिळून पासष्ट.

विषम ओळ म्हणजे जिथे एक ढीग सुटा राहिला ती. सम ओळीत सुटं काहीच नसतं, तिथला माल सगळा खालच्या ओळीत गेलेला असतो. तो पुन्हा मोजला तर दोनदा मोजला जाईल, म्हणून खोडायचं. त्या मुलीने वाटीतले चिंचोके स्वतः मोजले, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. खरं सांगायचं तर इतक्या स्वच्छ रीतीने मलाही ते त्याच दिवशी दिसलं.

पालकांचा प्रश्न वेगळाच. "हे कुठून आणलंत? शाळेत चालेल का?" पुस्तकांत या रीतीला कुठे रशियन शेतकऱ्यांची रीत म्हणतात, कुठे इथिओपियाची. इजिप्तमध्ये इ.स.पू. १५५० च्या सुमारास आहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवून काढलेला ऱ्हिंड पपायरस (गणिताची जुनी गुंडाळी) आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यातले गुणाकारही दुपटीचेच. फक्त ते निम्मे करत बसत नसत. १, २, ४, ८, १६, ३२ अशा ओळी आणि त्यांच्यासमोर २४ च्या दुपटी मांडून ज्यांची बेरीज ३७ होते त्या निवडत, म्हणजे ३२, ४ आणि १. निवडलेल्या ओळी आपल्यासारख्याच. आपल्याकडे प्राचीन काळच्या पिंगलाने छंदःशास्त्र या ग्रंथात कवितेच्या वृत्तांचे प्रकार मोजताना हाच विचार केलाय: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा. आणि विषमला १, समला ० देऊन आपल्या ओळी खालून वर वाचल्या तर १००१०१ येतं, तेच संगणकाच्या भाषेतले ३७. हे सांगितल्यावर एका वडिलांचा चेहरा उजळला. संगणकाचं नाव निघालं की आमच्याकडे कुठलीही गोष्ट खपते!

शाळेचं उत्तर मात्र मी सरळ दिलं. वहीत बाईंनी शिकवलेली उभी मांडणीच करायची. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पर्यायाचं वर्तुळ रंगवायचं असतं, तिथे उत्तर कसं काढलं हे कोण बघतंय? तिथे ही रीत वापरा. पण दोन्हीकडे तीन आकडी संख्या असतील तर दुपटी करता करता दमछाक होते आणि बेरजेत हातचे सुटतात. तिथे उभा गुणाकारच बरा.

एका मुलाची आजी पंचवटीत भाजी विकते. त्याला न्यायला आली होती. ३७ जुड्या २४ रुपयांनी, असं मी सहज विचारलं. पिशवी खालीही न ठेवता म्हणाली, "पंचवीस जुड्यांचे सहाशे, बाराचे दोनशे अठ्ठ्याऐंशी. आठशे अठ्ठ्याऐंशी." पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, तोंडपाठ असलेली पिढी ती. तिनेही सदतिसाचे तुकडेच केले, फक्त तिच्या सोयीचे.

आता वर्गात एक युक्ती ठरून गेलीय: लहान संख्या डावीकडे घ्यायची. २४ डावीकडे घेतले की पाच ओळींत काम होतं, ३ समोरचे २९६ आणि १ समोरचे ५९२ तेवढे उरतात. ६४ × १७ दिलं तर मात्र मोठी संख्या ६४ च डावीकडे घेतात आणि पोरं खूश, कारण शेवटची सोडून सगळ्या ओळी खोडायच्या, उत्तर १०८८. मग मी मुद्दाम ६३ × १७ दिलं, तेही ६३ डावीकडे ठेवून. त्यात एकही ओळ खोडता येत नाही, सहाही संख्यांची बेरीज करावी लागते. पोरं कुरकुरत बेरजेला लागली. चिंचोकेवालीने पेन्सिल उचललीच नाही. "मगाचच्या १०८८ मधून सतरा काढा की ताई," म्हणाली, "१०७१."