चित्रकला शिक्षकाला संग्रहालयाच्या संकेतस्थळाकडून काय हवे असते?

वर्गात पडद्यावर चित्र दाखवताना मला सर्वांत आधी अडचण येते ती आकाराची. रेम्ब्रांचे ‘नाइट वॉच’ सुमारे ३८० बाय ४५४ सेंटिमीटरचे आहे, तर व्हर्मीरचे ‘मिल्कमेड’ जेमतेम ४५.५ बाय ४१ सेंटिमीटरचे. पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच भासतात आणि मुलांच्या मनात ती तशीच ठसतात. त्यामुळे चित्राशेजारी उभ्या माणसाची आकृती दाखवणारी साधी सोय मला कोणत्याही तयार पाठापेक्षा मोलाची वाटते. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर चित्र इतके मोठे करता येते की कुंचल्याचे फटकारे आणि रंगाला पडलेल्या भेगाही दिसतात. तेवढ्या एका भेगेवर तासभर बोलता येते, हा माझा अनुभव आहे.

परवानाही निःसंदिग्ध हवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख प्रतिमा निर्बंधमुक्त केल्या, म्हणून त्या छापून, कापून, त्यांची कोलाज करायला मी मुलांना निःशंकपणे सांगू शकतो.

शोधाची सोय मात्र अजूनही अभ्यासकांसाठीच रचलेली असते. मला चित्रकाराचे नाव किंवा शतक नको असते. मला ‘तिरपा प्रकाश’, ‘दुमडलेले हात’, ‘ओल्या कापडाच्या चुण्या’ अशा शब्दांनी चित्रे शोधायची असतात.