लॉइड जॉर्जच्या मामाचं घर

नॉर्थ वेल्सला लोक जातात ते स्नोडनच्या डोंगरासाठी. आम्हीही गेलो. वर नुसते ढग, विषय संपला. मला जायचं होतं क्रिकिएथजवळच्या लॅनिस्टमडुई या टीचभर गावात. बरोबरच्यांनी "तिथे आहे काय?" म्हणून नाकं मुरडली, त्यात बसने स्टॉपवर चांगलं ताटकळत ठेवलं.

तिथल्या 'हायगेट' या दगडी घरात डेव्हिड लॉइड जॉर्ज वाढला. १९१६ ते १९२२ ब्रिटनचा पंतप्रधान. स्पर्धा परीक्षावाल्यांना तो 'पोलादी चौकट' म्हणून पाठ असतो. १९२२ साली आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश सनदी नोकरशाहीची, ही गोरी चौकट भारतातून हलणार नाही, असं पार्लमेंटात ठणकावणारा हाच. त्यामुळे मी जरा आकसानेच आत शिरले.

घराला लागूनच चपला-बुटांच्या कामाची खोली. कळबूत, आऱ्या, चामडं. इथे बसायचे रिचर्ड लॉइड, डेव्हिडचे मामा. वडील गेले तेव्हा डेव्हिड जेमतेम दीड वर्षाचा. मामांनी बहिणीला मुलांसकट घरी आणलं. वकिलीच्या परीक्षेला लॅटिन आणि फ्रेंच लागायचं. शिकवणीला पैसे कुठले? मग मामा आधी स्वतः शिकले आणि भाच्याला शिकवू लागले. दिवसभर टाके घालायचे आणि रात्री लॅटिनची रूपं घोकायची! मी त्या खोलीतून हलेचना.

भाचा १८८४ साली वकील झाला. चार वर्षांनी त्याने लॅनफ्रोथनची केस गाजवली. एका म्हाताऱ्या खाणकामगाराला मुलीशेजारी पुरायचं होतं, पण तो चॅपलवाला, म्हणजे सरकारमान्य चर्चबाहेरच्या पंथाचा, म्हणून पाद्रीबुवांनी दफनभूमीला कुलूप घातलेलं. "कुलूप तोडा," हा वकीलसाहेबांचा सल्ला. खटला लंडनपर्यंत गेला आणि ते जिंकले. १८९० साली अवघ्या १८ मतांनी खासदार, आणि मग तीच जागा ५५ वर्षं! पुढे म्हाताऱ्यांना पेन्शन, कामगारांना विमा. आणि 'लॉर्ड', 'सर' असे किताब विकल्याची बदनामीही. भाचा पंतप्रधान झालेला मामांनी पाहिला, पण १९१७च्या फेब्रुवारीत ते गेले. मला तर पंतप्रधानापेक्षा मामाच थोर वाटले, आणि हे मी बसमध्ये सगळ्यांना इतकं ऐकवलं की शेवटी कुणीतरी इअरफोन घातले.

लॉइड जॉर्जचं थडगं ड्वायफोर नदीकाठी आहे. वर एक अनघड धोंडा, त्यावर नावसुद्धा नाही. ते रचणाऱ्या क्लफ विल्यम्स-एलिसनेच जवळचं पोर्टमेरियन हे रंगीबेरंगी इटालियन थाटाचं गाव वसवलं. दुसऱ्या दिवशी आमची मंडळी तिथे खूश! मला ती रंगरंगोटी आणि सेल्फीवाल्यांची गर्दी सोसवेना, आणि तिकीट तर फारच झोंबलं.