तक्त्यातला तरंगलांबीचा रकाना

आपल्या प्रयोगशाळेतल्या विद्युतचुंबकीय तरंगांच्या तक्त्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तरंगलांबीचा रकाना. वेग सगळ्यांचा एकच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्याला वारंवारतेने, म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते त्या आकड्याने, भागले की लांबी मिळते, आणि लहर कुठे वळेल, कुठे अडेल याचा अंदाज तिथेच येतो.

आकाशवाणी पणजीची १२८७ किलोहर्ट्झची लहर २३३ मीटरांची; ती जमिनीला धरून टेकडीला वळसा घालते. १०५.४ मेगाहर्ट्झची एफएम लहर ३ मीटरही भरत नाही. डोंगर आड आला की ती क्षीण होते, मग छपरावर अँटेना हवा.

हा एफएमचा अँटेना विद्यार्थ्यांनी स्वतः करावा, ही माझी मनापासूनची इच्छा. त्याची लांबी ठरते अर्ध्या तरंगलांबीवरून; १०५.४ मेगाहर्ट्झसाठी ती १४२ सेंटिमीटर. तारेत ती साधारण ५ टक्के कमी धरायची, म्हणजे १३५. तांब्याच्या साडेसदुसष्ट सेंटिमीटरच्या दोन तारा पीव्हीसी नळीवर एका रेषेत बांधाव्यात, मधे थोडी फट ठेवून. अशा अँटेनाचा रोध ७३ ओहमच्या आसपास असतो, म्हणून टीव्हीची ७५ ओहमची केबल चांगली जुळते. तिची मधली तार एका तारेला, तिच्याभोवतीची धातूची जाळी दुसऱ्या तारेला सोल्डर करावी. अँटेना आधी आडवा, मग उभा धरून ऐकावे. लहरीतले विद्युतक्षेत्र ज्या दिशेने हेलकावते, त्या दिशेला तारा आल्या की आवाज स्वच्छ होतो.

आपल्याकडे किनाऱ्यावर अँटेना बिघडतो तो तार आणि केबलच्या सांध्यात. खारा वारा तांबे खातो, आणि पावसाचे पाणी जाळीतून केबलभर झिरपते. मग संदेश वाटेतच जिरतो. सांधा बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन इथे नको; त्यातले आम्लही तांबे खाते. न्यूट्रल सिलिकॉन भरून त्यावर रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे पाणी घडीत न शिरता ओघळते. केबल घरात घेण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्यावा.

टीव्हीच्या डिशवर उपग्रहाकडून येणारी लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. आषाढातले टपोरे थेंब तिला शोषतात, विखुरतात. सर ओसरली की चित्र परतते. पाऊस उघडूनही परतले नाही, तर एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या लहर टिपणाऱ्या डबीचा, कनेक्टर उघडून पाहावा. मधली तार हिरवी किंवा जाळी काळी पडली असेल, तर चकचकीत धातू लागेपर्यंत केबल मागे कापत जावी आणि मगच नवा कनेक्टर बसवावा.