माइक नंबर चार

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आज आठवा दिवस. ‘कळवतो’ म्हणाले होते, कळवलं नाही. आता कळवणारही नाहीत. लेकीला हे त्याच दिवशी समजलं असावं, कारण तिनं एकदाही विचारलं नाही. उद्या अकाउंट्सची प्रीलिम आहे, ती कधीच झोपली. मी वही काढून बसले आहे. आज लिहिलं नाही तर पुढे हे सगळं मी माझ्या सोयीनं आठवेन, आणि त्यात माझी चूक राहणार नाही.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची ऑडिशन गोरेगावला होती. लोअर परळहून पहाटेची पहिली गाडी पकडली तरी आमच्या पुढे दीड-दोनशे पोरं होती. कुणी नागपूरहून रात्रभर बसने आलेलं, कुणी कोल्हापूरहून. भिंतीकडे तोंड करून सगळी आपापलं गाणं घोळवत होती. लेकीच्या कुर्त्यावर ७४१ नंबरचा स्टिकर लावला. तो घामाने सारखा निघत होता, शेवटी मी माझ्या साडीची पिन काढून अडकवला.

मग फॉर्म आला. तिला अठरा पूर्ण नाहीत म्हणून पालकाची सही हवी होती, त्यामुळे फॉर्म माझ्या हातात. शिक्षण, एक ओळ. गाण्याचं शिक्षण, एक ओळ. आणि शेवटच्या पानावर भली मोठी चौकट, ‘तुमचा संघर्ष’. तिला दहा ओळी.

लेक तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी गेली होती. मी त्या दहाही ओळी भरल्या. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, माइक-स्पीकरचा धंदा होता, ऐन गणपतीत गेले, मंडळाचा स्टेज तसाच उभा होता, हे सगळं लिहिलं. सुवाच्य अक्षरात, मजकूर जुळवून. पेन चालत होतं तेव्हा मला जराही वाईट वाटत नव्हतं. उलट पोरीसाठी काहीतरी केलं असंच वाटत होतं.

आत टेबलामागे दोन तरुण मुलं होती. त्यातल्या एकानं फॉर्म चाळला, शेवटच्या पानावर थांबला आणि म्हणाला, “अरे, हे भारी आहे. गाण्याच्या आधी हे सांग ना. बाबांबद्दल. वेळ घे, रडू आलं तरी चालेल.”

मी दारापाशी उभी होते. लेकीनं वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. रागाची नव्हती. घराचं कुलूप लावलंय या भरवशावर गावाला जावं आणि परत येऊन दार सताड उघडं दिसावं, तसं काहीतरी होतं त्यात.

आणि मी, तिची आई, हळूच म्हणाले, “सांग ना गं.”

ती त्या मुलाला म्हणाली, “मी गाणं म्हणू?” आणि म्हणाली. स्वतःचं, मराठी, तिनेच चाल लावलेलं. मिनिटभरात त्यांनी थांबवलं. आवाज आवडला, खरंच आवडला असावा, कारण संध्याकाळी फोन आला. पुढच्या फेरीत घेऊ, पण आधी घरी येऊन शूट करू, वडिलांचा फोटो, त्यांचं सामान, आईचं थोडं बोलणं. फोन तिनेच घेतला होता. “गाणं कितीही वेळा म्हणेन, घरी नका येऊ,” एवढंच बोलली. पलीकडून ‘कळवतो’.

या कार्यक्रमांविषयी माझ्या मनात अढी नाही, हेही लिहून ठेवते. आमच्या घरात त्यांनी आनंदच आणलाय. मार्च २००५मध्ये अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला त्या रात्री लालबागच्या आमच्या चाळीत एकाच टीव्हीसमोर पंचवीस माणसं बसली होती. मुंबईचा मराठी मुलगा! ह्यांनी मेसेज करकरून महिन्याचा बॅलन्स संपवला होता. मग २००७च्या डिसेंबरात जकार्ताला आशियातल्या सहा देशांच्या विजेत्यांची स्पर्धा झाली, तिथे आपल्याकडून अभिजीतच गेला. मत देताना दोन देश निवडावे लागायचे, नुसतं आपल्याच माणसाला देऊन भागत नव्हतं. ह्यांना तो नियम फार आवडला. म्हणाले, म्हणजे दुसऱ्याचं गाणं ऐकावंच लागणार. त्यांचं दुसरं मत सिंगापूरच्या हेडी मिर्झाला गेलं, आणि सहांतल्या त्या सगळ्यात छोट्या देशाचा तो मुलगा जिंकला. तेव्हा लेक पोटात होती.

पुढे मराठीतले लिटिल चॅम्प्स. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, पण लोकांनी पाचही जण डोक्यावर घेतले. ती पोरं समोर येऊन गायची, आणि आपण गाण्यासाठी रडायचो.

मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर लेकीनं फोन माझ्यापुढे धरला. ऑडिशननंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं होत होतं. म्हणाली, “आई, हिला बघ.”

लेना मायर-लांडरूट. जर्मनीतल्या हॅनोव्हरची. युरोपात ‘युरोव्हिजन’ नावाची मोठी गाण्याची स्पर्धा १९५६पासून चालू आहे, प्रत्येक देश एक गाणं पाठवतो, गाणं तीन मिनिटांच्या आत बसवायचं, गळा मात्र जागेवरच लागला पाहिजे. आणि तिथे स्वतःच्या देशाला मत देताच येत नाही. (ह्यांना हे सांगायला हवं होतं.) २०१०साठी जर्मनीनं गायक निवडायला टीव्हीवर स्पर्धा घेतली. सुमारे ४,५०० अर्ज आले, २० जण घेतले, त्यात ही. गाणं कुठे शिकलेली नाही. लहानपणापासून नाच केलेला, बस. मार्चमध्ये ती स्पर्धा जिंकली, मग त्यांची बारावी म्हणजे आबिटूरचे पेपर दिले, आणि २९ मेला ऑस्लोच्या स्टेजवर उभी राहिली. एकोणीस पूर्ण होऊन सहाच दिवस झाले होते.

साधा काळा आखूड फ्रॉक. मागे कोरसवाल्या मुली, नाच नाही, आग नाही, धूर नाही. मी शास्त्रीय गाण्यात मध्यमा पूर्णपर्यंत शिकलेली बाई, माझे कान पहिल्यांदा तक्रारच करू लागले. श्वास मध्येच तुटतोय, शब्द चावून टाकतेय, सूर खालून उचलतेय. पण तीन मिनिटांत एकदाही तिच्यावरून नजर हलली नाही. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा जाणवलं की मी ज्याला चूक म्हणत होते तेच तिचं गाणं होतं. ते काढून टाकलं असतं तर कुणीही म्हणू शकेल असं एक चांगलं गाणं उरलं असतं. लेकीच्या आवाजातली अशीच एक खरखर मी दोन वर्षं पलट्यांनी, म्हणजे सुरांच्या रियाजानं, घासतेय.

तिच्या या ‘सॅटेलाइट’ गाण्याला २४६ गुण मिळाले, दुसऱ्या आलेल्या तुर्कस्तानला १७०. जर्मनी त्याआधी १९८२मध्ये जिंकली होती, तेव्हा निकोल नावाची सतरा वर्षांची मुलगी होती.

मी म्हटलं, “छान आहे गं.” लेक म्हणाली, “ते नाही. पुढचं ऐक.” लेना एका रात्रीत घराघरांत पोचली तेव्हा पेपरवाल्यांना तिच्या घरातलं सगळं हवं होतं. वडील लहानपणीच सोडून गेलेले, म्हणजे त्यांना हवी तशी कहाणी तयारच. तिनं सांगितली नाही. खासगी गोष्टींवर बोलायचंच नाही असं तिनं पहिल्यापासून ठरवलं होतं आणि ते पाळलं.

लेकीनं यापुढे काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

मला तिचं दुसरं वर्षही आवडलं. जिंकणाऱ्या देशात पुढची स्पर्धा होते. २०११मध्ये ड्युसेलडॉर्फला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, आपल्याच माणसांसमोर, हीच मुलगी पुन्हा उतरली. जिंकलेल्या माणसानं परत परीक्षेला बसायचं! दहावी आली. मला वाटलं होतं इथे गोष्ट संपली. तर २०१३मध्ये जर्मनीत ‘व्हॉइस किड्स’ सुरू झालं तेव्हा शिकवणाऱ्यांच्या खुर्चीत ती बसलेली. समोर गाणाऱ्या मुलाकडे खुर्चीची पाठ असते. आधी आवाज ऐकायचा, माणूस मागाहून. मी त्या खुर्च्यांचा व्हिडिओ थांबवून बघत बसले. ७४१ नंबरच्या फॉर्मला असं पाठमोरं धरता आलं असतं तर.

कालपर्यंत मी लेकीची माफी मागितलेली नव्हती. काल दोनदा तोंडाशी आलं, दोन्ही वेळा मी चहा टाकला.

आज दुपारी मी बाजारातून आले तर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढलेली. ह्यांचे माइक. मिक्सर आणि स्पीकर आम्ही विकले, माइक नाही. प्रत्येकाच्या दांड्याला पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर ह्यांच्या अक्षरात नंबर. लेक जमिनीवर मांडी घालून बसली होती. चार नंबरचा माइक, वाडीच्या गणपतीत ती सहा वर्षांची असताना ज्याच्यावर पहिल्यांदा गायली तो. तेव्हा तिच्या हातून पडून जाळीला पोचा आलेला, तो तसाच आहे. तिनं जाळी फिरवून काढली, आतला काळा स्पंज कोमट पाण्यात धुतला, फडक्यात दाबून खिडकीत वाळत ठेवला. जुन्या ब्रशनं जाळीतली माती काढली. सगळं ह्यांनी शिकवलं होतं तसं, त्याच क्रमानं. पट्टीला मात्र पाणी लागू दिलं नाही.

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, “मी तुला न विचारता लिहिलं. ते तुझं होतं.”

ती बराच वेळ जाळी पुसत राहिली. मग म्हणाली, “तुझंही होतं आई. पण त्यांचं नव्हतं.”

स्पंज वाळल्यावर तिनं माइक जोडला आणि उभी राहिली. वायर कुठेच लावलेली नव्हती. हनुवटीपासून चार बोटं अंतर, किंचित तिरका, ह्यांनी लावलेली सवय. टिचकी मारली नाही, फुंकर मारली नाही. ह्यांना दोन्हींचा राग यायचा.

“एक, दोन. एक, दोन,” म्हणाली. त्या ‘दोन’वर ह्यांच्यासारखाच आवाज खाली सोडून. मग खरखर तशीच ठेवून पूर्ण गाणं म्हणाली, आणि मी पलटे काढायला सांगितले नाहीत.