बोटांचा हिशेब

क्लीव्हलँडमध्ये मी हातांची फिजिओथेरपी करते. सुतारांचे, आचाऱ्यांचे, पियानो वाजवणाऱ्यांचे कितीतरी हात हाताळले, पण त्या मंगळवारी आलेले दोन हात काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

पेशंट पन्नाशीचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये सात हंगाम गार्ड म्हणून खेळलेले. म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारखे उभे राहणाऱ्या पाच जणांतले एक. तक्रार एकच, शर्टाची बटणं लागत नाहीत.

मी मूठ वळायला सांगितली. तीन बोटं अर्ध्यातच थांबली. उजव्या अनामिकेचा मधला सांधा 100 अंशांच्या आसपास वाकायला हवा, तो 35 वरच अडला. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली.

"हे कसं झालं?" म्हटल्यावर ते उठून उभेच राहिले. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, तळवे पुढे, अंगठे वर. "हात समोरच्याच्या छातीवर ठेवायचे. बाहेरून जर्सी धरून त्याला अडवलेलं पंचांनी पाहिलं की होल्डिंग, 10 यार्डांचा दंड." समोरचाही तेवढाच धिप्पाड, तो हिसडा मारून सुटतो आणि बोट जर्सीत अडकून राहतं. मग ते शेजारच्या बोटाला टेपनं बांधायचं आणि पुढच्या डावाला उभं राहायचं. डाव म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतचे काही सेकंद. एकेक बोट पुढे करत ते हंगाम सांगत गेले.

आमच्या गावच्या ब्राउन्स संघाचा जो थॉमस हाही लाइनमन, म्हणजे अशाच भिंतीतला. तो 2007 ते 2017 सलग 10,363 डाव खेळला. केवढा विक्रम! पण तोही हजेरीचाच. यार्ड, झेल, टचडाउन असे गुणांचे सगळे आकडे दुसऱ्यांच्या नावावर. लाइनमनचा नंबर पंच माइकवरून पुकारतात तो बहुतेक वेळा दंड झाला म्हणून. इतकी वर्षं मॅच बघूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

कोमट मेणात हात बुडवून, एकेक सांधा सैल करत पाऊण तास गेला. अनामिका 42 वर आली. पोटावरची दोन बटणं लागली, कॉलरचं नाही.

निघताना त्यांनी मोजमापांचा कागद मागितला. दोन्ही हातांचे 28 सांधे, प्रत्येकापुढे अंश. बराच वेळ वाचत राहिले. "माझ्या नावापुढे एवढे आकडे पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले. कागदाची घडी त्यांना नीट घालता येईना. मी मदतीला हात पुढे केला, तर मानेनंच नको म्हणाले आणि स्वतःच घालून तो खिशात ठेवला.

पुढची वेळ गुरुवारची दिली.